आठ सिलिंडर, चोपन्न नोंदी

गेली अकरा वर्षं मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग नाकारण्याचं काम करतो. कागदावर हुद्दा मोठा आहे, पण काम एवढंच: पुरवठादाराकडे जायचं, त्याने लिहून ठेवलेले आकडे बघायचे आणि ते खरे वाटले नाहीत तर माल परत पाठवायचा. त्यामुळे २०१७ च्या मे महिन्यात मेव्हण्याचा, मंदारचा फोन आला आणि तो म्हणाला, "दाजी, एक गाडी बघायला याल का माझ्याबरोबर? अमेरिकन आहे, मसल कार आहे आणि स्वस्त आहे," तेव्हा त्यातला 'स्वस्त' हा शब्द मला लगेच खटकला.

मसल कार म्हणजे काय हे मलाही नीट माहीत नव्हतं. लांबलचक नाक, दोनच दारं, नाकात आठ सिलिंडरचं पाच लिटरचं इंजिन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. मंदारने पाहिलेली गाडी दोन वर्षांची होती, चारशेवीस हॉर्सपॉवरची. एवढ्याच ताकदीची जर्मन गाडी घ्यायला गेलं तर जवळजवळ दुप्पट पैसे पडतात, हे मी दोन संध्याकाळी बसून पडताळून पाहिलं. जी वस्तू निम्म्या किमतीत मिळते तिचा उरलेला निम्मा कुठे गेला, हे मी आधी विचारतो. कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण कंपनीशी नव्हतं, विकणाऱ्याशी होतं.

मंदार माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, मूळ सांगलीचा, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने मला सल्ला विचारण्याची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा पुण्यात फ्लॅट घेताना विचारलं होतं. मी म्हटलं, बिल्डरचे कागद अर्धवट आहेत, घेऊ नकोस. ती इमारत आज पूर्ण आहे, लोक राहतात, लिफ्टही चालते. दुसऱ्यांदा बर्लिनच्या एका छोट्या कंपनीतल्या नोकरीबद्दल विचारलं. मी म्हटलं, ही दोन वर्षंही टिकायची नाही. ती टिकली. मंदारने यातलं काहीच मला कधी ऐकवलं नाही. त्याची बहीण ऐकवते.

"अहो," निघायच्या आदल्या दिवशी सुनंदा म्हणाली, "यावेळी नाही म्हणायचं असेल तर नीट कारण सापडल्यावर म्हणा. नुसता वास आला म्हणून म्हणू नका. तो परत विचारणार नाही तुम्हाला."

तिकडे मंदारच्या बायकोने, केतकीने, वेगळी अट घातली होती. तिला पाचवा महिना होता. "दाजी म्हणाले की यात फसवणूक नाही, तर घे," एवढंच तिचं म्हणणं. म्हणजे होकार किंवा नकार माझाच.

गुरुवार: न्युरेम्बर्गच्या पुढे

त्या गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती. शुक्रवार मध्ये अडकलेला, म्हणून निम्म्या जर्मनीने चार दिवस सुट्टी काढलेली. मंदार सकाळच्या गाडीने स्टुटगार्टला आला आणि आम्ही माझ्या नऊ वर्षांच्या कोंबीने निघालो. कोंबी म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेली गाडी. तिच्यात बसून कोणाला काही वाटत नाही, आणि मला तेच आवडतं.

मागच्या सीटवर मी लहान मुलाची खुर्ची बांधून ठेवली होती. ऑफिसातल्या एकाकडून दोन दिवसांसाठी आणलेली.

"दाजी, बाळ अजून यायचंय," मंदार म्हणाला.

"त्याची जागा आधी बघून ठेवू."

"आणि हे काय?" त्याने पुढच्या कप्प्यातलं यंत्र उचललं.

"रंगाची जाडी मोजायचं. अपघात लपवलेला असला की तिथे रंग जाड लागतो."

त्याने ते यंत्र माझ्या मनगटाला लावलं. "दाजी, तुमच्यावर काहीच दाखवत नाही."

न्युरेम्बर्ग मागे पडलं की मोठा रस्ता सोडून डोंगरात शिरायचं. चुनखडीचे उभे कडे, मध्ये चेरीच्या बागा, प्रत्येक वळणावर एक खेडं आणि दर दुसऱ्या खेड्यात बिअरची स्वतंत्र भट्टी. रस्त्यात पुरुषांच्या टोळ्या भेटत होत्या. या दिवशी इथले पुरुष लाकडी हातगाडीत बिअरच्या बाटल्या घालून गावोगाव चालत जातात, बायकामुलं घरी. एका टोळीने आम्हाला थांबवलं. गाडीत बाळाची खुर्ची आहे आणि बाळ नाही, हे पाहून त्यांनी मंदारचं आगाऊ अभिनंदन केलं आणि बाटली पुढे केली. मी विचारलं, हातगाडी परत कोण ओढतं? त्यांच्यातला सगळ्यात सडपातळ माणूस हात वर करून उभा राहिला.

उतरायची सोय एका खानावळीच्या वर होती. गुरुवारी मी मांस खात नाही, आणि हंगाम पांढऱ्या श्पार्गेलचा. ही इथली शतावरी. मातीखाली वाढवतात, म्हणून पांढरी. तिच्यासाठी लोक वर्षभर थांबतात. उकडलेले बटाटे, लोण्याचा पिवळा सॉस आणि मांसाच्या ताटाएवढी किंमत.

"मोजल्यात ना?" मंदारने विचारलं.

"अकरा."

चव शेवग्याच्या शेंगेच्या गरासारखी, फक्त कोणीतरी मीठमसाला धुऊन टाकल्यासारखी. मंदारने सांगलीच्या चटणीची पुडी काढली. खानावळीची मालकीण लांबून बघत होती. तिने येऊन बोटाने चटणी चाखली, डोळे पुसले आणि पुडी पुन्हा मंदारच्या पुढ्यात ठेवली. ही बाई पुढे कामाला आली, म्हणून सांगून ठेवतो.

शुक्रवार: डोर्नर यांचं अंगण

विकणाऱ्याचं नाव डोर्नर. वय सहासष्ट. चाळीस वर्षं घराघरांतली धुराडी आणि बॉयलर तपासायचं काम केलेला माणूस. जर्मनीत हा माणूस दर वर्षी तुमच्या घरी येतो, धूर मोजतो, आकडा लिहितो आणि तुम्हाला तो नाकारता येत नाही. आपल्याकडे गॅसचा माणूस सिलिंडर ठेवून चहा न घेता पळतो. याला दार उघडणं कायद्याने भाग आहे. म्हणजे हा माझ्याच जातकुळीचा. तेवढ्यानेच मी जास्त सावध झालो. मोजणाऱ्या माणसाला कुठे काय लपवायचं हेही माहीत असतं.

गाडी गर्द निळी होती. अंगणात ती नुसती उभी असली तरी अंगण लहान वाटत होतं. मंदार तिच्याभोवती एक फेरी मारून तिथेच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून किंमत एक युरोनेही कमी होणार नाही, हे मला तिथेच कळलं.

मी चौतीस ठिकाणी रंग मोजला. सगळीकडे आकडा सारखा. चारही टायरांवरचे तारखेचे शिक्के पाहिले, काचांवरचे क्रमांक ताडून पाहिले, गालिचे उचलून ओल शोधली. काही नाही. मग बाळाची खुर्ची. दोन दारांच्या गाडीत ती मागे न्यायची म्हणजे पुढची सीट पाडायची, कमरेत वाकायचं आणि श्वास रोखायचा. मला सहा मिनिटं लागली. खुर्ची बसली, पण तिच्या पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकावेत. मग मी स्वतः मागे बसून पाहिलं. माझी उंची पाच फूट सात इंच, डोकं मागच्या काचेला लागलं. आतलं प्लॅस्टिक टणक, बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखं वाजणारं. निम्म्या किमतीतला थोडा भाग सापडला.

"कशाला विकताय?" मी विचारलं.

"गुडघे," डोर्नर म्हणाले. "बसणं जमतं. उठणं जमत नाही."

मग गाडी चालवली. आधी मंदारने, मग त्याने आग्रह केला म्हणून मी. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे ते तोट्यांची यादी वाचून हसतील आणि तरी घेतील. इंजिन सुरू झालं की आवाज कानाला आधी येत नाही, सीटमधून पाठीत येतो. चढ लागला तेव्हा मी सवयीने गिअर उतरवायला गेलो, गरजच नव्हती. गाडीने चढाची दखलच घेतली नाही. समोर लांब निळं नाक, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं. त्या अर्ध्या तासात मी एकही आकडा पाहिला नाही. परत आल्यावर याचंच मला वाईट वाटलं.

अंगणात डोर्नरनी एक वही पुढे केली. गाडी घेतल्यापासून भरलेल्या पेट्रोलची प्रत्येक नोंद: तारीख, लिटर, किलोमीटर. चोपन्न नोंदी. मी तिथेच बेरीज केली. २,३४४ लिटर, १८,६०० किलोमीटर. शंभराला १२.६ लिटर. माझी कोंबी सहा घेते.

आकडे जुळत होते. पण सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने. आमच्या धंद्यात याला एकच अर्थ असतो: कोणीतरी एका बैठकीत वही भरली आहे. खरी वही डागाळते, पेन बदलतं, एखादी ओळ पेन्सिलीने येते.

"सगळ्या नोंदी एकाच पेनाने कशा?" मी विचारलं.

"पेन एकच आहे," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "तुमच्याकडे किती आहेत?"

मंदारने माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, पावत्या बघायला मिळतील का? डोर्नर माळ्यावर गेले आणि बुटांच्या खोक्यातून पावत्या घेऊन आले. मी डोळे मिटून पाच नोंदींवर बोट ठेवलं. पाचही पावत्या निघाल्या. पाचपैकी पाच आले की मी सहावं मागतो. सहावी नोंद मी डोळे उघडे ठेवून निवडली: मागच्या जुलैची, फक्त पाच लिटर. साठ लिटरची टाकी असलेल्या गाडीत पाच लिटर भरायला कोण जातं?

डोर्नरचा चेहरा लाल झाला. "ती पावती नाही."

"का नाही?"

"नाही. खासगी बाब आहे." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

पाच नोंदींना जे घडलं नाही ते सहाव्या नोंदीला घडलं. मी मंदारला बाजूला घेतलं आणि म्हटलं, इथे काहीतरी आहे. गाडी बाहेर बंद पडली असेल, टाकी गळत असेल, दुसऱ्या कोणी चालवली असेल.

"दाजी, पाच लिटर," मंदार म्हणाला. आवाज खाली होता. "त्या माणसाने चौतीस ठिकाणी मोजू दिलं तुम्हाला. बिल्डरचाही एकच कागद नव्हता."

सहा वर्षांत त्याने तो विषय पहिल्यांदा काढला. मी डोर्नरना म्हटलं, उद्या सकाळी कळवतो. त्यांनी हात मिळवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी खानावळीत आम्ही दोघं दोन टोकांना बघत बसलो होतो. मालकिणीने विचारलं, मंडळी कुठे फिरून आली? मंदारने सांगितलं, डोर्नर यांची निळी गाडी बघायला गेलो होतो. बाई हातातली ताटं ठेवून हसायलाच लागली.

"त्याने सांगितलं का तुम्हाला? मागच्या उन्हाळ्यात? चर्चच्या चढावर, रविवारी, सगळा गाव बाहेर पडत असताना पेट्रोल संपलं त्याचं! धुराड्याच्या डोर्नरचं! चाळीस वर्षं आम्हाला बॉयलरचा काटा बघा म्हणून ओरडला. माझ्या भावाने ट्रॅक्टरच्या शेडमधून डब्याने पेट्रोल आणून दिलं."

"किती?" मी विचारलं.

"आता ते मला काय माहीत! पाच लिटरचा डबा असतो तो."

मंदार माझ्याकडे बघत होता. मी श्पार्गेलकडे. आज पुन्हा तेच मागवलं होतं.

डब्याची पावती नसते, तेव्हा ती नोंद गाळली असती तर मला कधी कळलं नसतं. गावासमोर लाज गेल्यावरही त्या माणसाने घरी येऊन पाच लिटर लिहिले, कारण नाहीतर शेवटची बेरीज चुकली असती. असं मी नोकरीत फार थोड्या लोकांना करताना पाहिलं आहे.

मी केतकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं: शंभराला १२.६ लिटर, मागे बसायला जागा नाही, बाळाची खुर्ची बसली की तुझी सीट गेली, बर्फात मागची चाकं घसरणार.

"दाजी," ती म्हणाली, "जागेचं आमचं आम्ही बघतो हो. मी तुम्हाला एकच विचारलं होतं. माणूस फसवतोय का?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. "नाही," मी म्हटलं. "फसवत नाही."

मंदारने माझ्या ताटात चटणी वाढली.

शनिवार: वाल्डॉर्फ, पार्किंग क्रमांक १७

सकाळी डोर्नर यांच्या ओळखीच्या नाही, तर तीन गावं पलीकडच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवून खालून पाहिली. होकार दिला म्हणून डोळे मिटायचे नसतात. काही निघालं नाही. मग करार. इथे गाडी विकताना तारखेबरोबर वेळही लिहितात, म्हणजे मिनिटभर आधी दंड झाला तर जुन्या मालकाचा, नंतर झाला तर नव्याचा. डोर्नरनी ११.४० लिहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सही करायला ११.४० होईपर्यंत थांबले. मीही थांबलो.

"पाच लिटरचं कळलं," मी म्हटलं.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'अस्सं'. "खानावळवाली." मग खिशातलं निळं पेन काढून त्यांनी वहीच्या कण्यात खोचलं आणि वही मंदारऐवजी माझ्या हातात दिली.

वाल्डॉर्फपर्यंत मंदार निळ्या गाडीत, मी मागून कोंबीत. पुढे त्याची गाडी दिसायची कमी, ऐकू यायची जास्त.

मंदारच्या इमारतीखाली टीफगराज आहे, म्हणजे तळघरातलं पार्किंग. त्याची १७ नंबरची जागा एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब अशी. दिवाळीत गेलो असताना मी ती स्वतः मापली होती, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. २.३० मीटर. गाडीची रुंदी १.९२. उरतात अडतीस सेंटिमीटर. हा हिशोब मी मंदारला आठवडाभर आधीच पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं: गाडी मावते.

केतकी ओवाळायचं ताट घेऊन खाली उभी होती. तळघरात धुराचा सेन्सर आहे म्हणून निरांजन पेटवलं नव्हतं, नुसती वात. मंदारने गाडी हळूहळू आत घेतली. आरसे खांबाजवळून सुखरूप गेले. गाडी मावली, अगदी माझ्या आकड्याप्रमाणे. इंजिन बंद झालं. दार उघडलं, आणि वीतभर उघडून भिंतीला टेकलं.

दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. मागच्यांना आत जाता यावं म्हणून. ती उघडायला जागा लागते. चौतीस ठिकाणी रंग मोजणाऱ्या मला हे दिवाळीपासून मेपर्यंत सुचलं नव्हतं. मी रुंदीतून रुंदी वजा केली होती आणि उरलेल्यात माणूस धरलाच नव्हता.

मंदारने एक पाय बाहेर काढून पाहिला, पोट आत घेतलं, पुन्हा पाय आत घेतला. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, तिथे खांब.

"दाजी," केतकी म्हणाली, "गाडी मावली. नवरा मावत नाहीये."

"हिचं काय होणार तिथे?" आतून मंदारने तिच्या पोटाकडे बोट केलं. मग तिघंही हसलो. मी सगळ्यात शेवटी. तिने खिडकीतूनच त्याला कुंकू लावलं, न पेटलेल्या वातीने ओवाळलं आणि पेढा भरवला. मग मी "ये, ये, अजून ये" करत गाडी पुन्हा बाहेर काढली.

इमारतीत दुसरी जागा मिळायला प्रतीक्षायादी होती. रस्त्यावर ती गाडी ठेवायला मंदारचा जीव होईना. केतकी वर सोफ्यावर बसून म्हणाली, "तुमच्या घराखाली उघडी जागा आहे ना, दाजी? कडेची?"

होती. आणि कोंबीत मागे जागाच जागा होती.

कोंबी त्यांच्याकडे ठेवून मी रात्रीच्या आत स्टुटगार्टला पोचलो, निळ्या गाडीतून. आमच्या चढाच्या गल्लीत आवाज ऐकून सुनंदा गॅलरीत आली. गाडीतून मी उतरतोय हे तिने पाहिलं. मग आत जाऊन माझ्यासाठी ताट घेतलं.

त्यानंतर

सप्टेंबरमध्ये केतकीला मुलगी झाली. ती दवाखान्यातून घरी माझ्या कोंबीतून गेली, मागच्या सीटवर, पाय पसरून. मंदार महिन्यातून दोन शनिवार रेल्वेने येतो आणि निळी गाडी फिरवून आणतो. मी ऑफिसला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने जातो. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी मधून मधून सुरू करणं आणि नोंदी ठेवणं माझ्याकडे आहे.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना माझं म्हणणं थोडक्यात असं. ताकद खरी आहे, किंमत खरी आहे. पेट्रोल दुप्पट लागेल, मागे पिशवी बसेल, बर्फात ती घरीच राहील. आणि पार्किंग मापताना दारं उघडून मापा.

ऑक्टोबरच्या शेवटी मंदार आला तेव्हा सुनंदा चहा ओतत होती. त्याने वही चाळली.

"दाजी, सगळ्या नोंदी एकाच पेनाने आहेत."

"पेन एकच आहे."

"बरं." त्याने पान उलटलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं. "ऑगस्टमधला हा रविवार. अडुसष्ट किलोमीटर. मी तर आलोच नव्हतो त्या आठवड्यात. बॅटरीसाठी अडुसष्ट?"

सुनंदा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. त्या रविवारी मी तिला सांगितलं होतं की ऑफिसात काम आहे.

मी त्याच्या हातातून वही घेतली आणि मिटली.

"खासगी बाब आहे," मी म्हटलं.